करंगळीएवढी फट

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोलाही नाही – आणि माझं काही लपलेलं नाही असा तिचा ठाम समज आहे. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

पनवेलला जुन्या हायवेलगत माझं गॅरेज आहे. तेव्हा ते आमचं होतं – माझं आणि रशीदचाचांचं. इंजिन मी बघायचो, गिअरबॉक्स चाचा. ऑटोमॅटिक गाडीला हात लावायला तेव्हा भले भले मेकॅनिक घाबरायचे. चाचांकडे मात्र खारघरहून, अलिबागहून गाड्या यायच्या.

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये कन्व्हर्टर असतो. झाकण लावून बंद केलेल्या जाड पातेल्यासारखा, आत सगळं तेल. पहिल्यांदा चाचांनी तो मला दाखवला तेव्हा म्हणाले, “मधी लोखंडाला लोखंड लागत नाय. तेल हाय फक्त. तेलच गाडी ओढतं.” मी बराच वेळ त्या पातेल्याकडे बघत बसलो होतो. तेल, आणि त्यावर चार माणसांची गाडी घाट चढते? मला अजूनही हे नवल वाटतं.

गिअरबॉक्सच्या तोंडात कन्व्हर्टर बसवणं हा तर सोहळाच. चाचा डोळे मिटून तो हाताने फिरवायचे, सावकाश. आतला एकेक दाता सापडला की ठक. तीन वेळा ठक झालं की बसला. मग त्यावर लोखंडी पट्टी बांधायचे, तो पुढे सरकू नये म्हणून. आणि एक नियम – इंजिन आणि गिअरबॉक्स जोडताना नुसत्या हाताने ढकलून एकमेकांना भिडले पाहिजेत. मध्ये फट राहिली तर बोल्टने खेचायचं नाही. सोडवायचं, पुन्हा बसवायचं.

खांदा कॉलनीतल्या सावंतबाईंची गाडी होती, वीस वर्षं जुनी. बाईंचा डावा पाय पोलिओने गेलेला, त्यामुळे क्लचची गाडी त्यांना चालवता येत नाही. ही एकच गाडी त्यांची. इंजिन धूर ओकायला लागलं म्हणून आम्ही इंजिन-गिअरबॉक्स दोन्ही उतरवले. इंजिन मी नवं केलं, गिअरबॉक्स चाचांनी. शुक्रवार होता. चाचांनी कन्व्हर्टर बसवला – तीन ठक मीही ऐकले – पट्टी बांधली आणि म्हणाले, “नमाज पढून येतो. पट्टी काढू नको तवर.”

मी काढली.

का? मी काही पोर नव्हतो, पस्तिशी उलटली होती. चाचा येईपर्यंत जोडून ठेवू, शाबासकी मिळवू – एवढंच. गिअरबॉक्स ट्रॉलीवर पुढे कलला तेव्हा आतलं पातेलं थोडं सरकलं असणार. इंजिनाला भिडवला, आणि फट राहिली. करंगळी जाईल एवढी.

मला नियम माहीत होता. सोडवून पुन्हा बसवायला अर्धा तास लागला असता. मी पाना घेतला. या बोल्टला थोडं, त्या बोल्टला थोडं. फट मिटत गेली, आणि खोटं कशाला बोलू, ती मिटताना बघून बरं वाटलं. मध्येच आतून बारीक आवाज आला. सुपारी फुटावी तसा. मी ऐकला तो. पुढे आवळत राहिलो.

चाचा आले. हात फिरवून बघितलं. “फट होती काय रे?”

“नाही,” मी म्हणालो.

चेनकप्पीने दोन्ही वर घेतले, गाडीत बसवले, तेल भरलं. इंजिन पहिल्या चावीला लागलं. पण गाडी जागची हलेना. नुसती केकाटत राहिली. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा खाली. कन्व्हर्टरचे दाते ज्यात अडकतात तो गिअरबॉक्सच्या आतला तेलाचा पंप दाबाने तुटला होता. चाचांनी तुकडे तळहातावर घेतले आणि माझ्याकडे बघितलं. पंप असा कशाने तुटतो हे त्यांना ठाऊक नव्हतं? चाळीस वर्षं ते हेच करत होते.

“फट नाय म्हणालास ना?”

“नव्हती.”

“मंग आत माझ्याच हातून कायतरी चुकलं.”

बस. तिसऱ्यांदा विचारलं नाही. सावंतबाईंनाही त्यांनी माझ्यादेखत तेच सांगितलं, मान खाली घालून. बाई महिनाभर रिक्षाने हिंडल्या, पाय उचलून आत ठेवत. चाचांना एका शब्दाने बोलल्या नाहीत.

मला जे आजही झेपत नाही ते हे – एका बाजूला त्या माणसाचे चाळीस वर्षांचे हात, दुसऱ्या बाजूला माझा एक शब्द. आणि त्याने माझा शब्द खरा धरला. असं कोणी करतं? मी केलं असतं? एवढं मोठं माणूसपण मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि ते मी खोटं बोललो म्हणून मला दिसलं.

गाडी पुन्हा बांधली, ती अजून धावते. चाचा मात्र बदलले. प्रत्येक गिअरबॉक्स दोन-दोनदा उघडून बघायला लागले. मला बोलवायचे – जरा बघ रे, नीट हाय ना? वर्षभराने पाने माझ्या हातात दिले. “तू कर. माझ्या हातांचा भरोसा नाय राहिला.” त्यांची सगळी गिऱ्हाइकं माझी झाली. आज पनवेलमध्ये ऑटोमॅटिक म्हटलं की लोक माझं नाव सांगतात.

चाचा अजून येतात. दाराशी स्टुलावर बसून चहा घेतात. मी कन्व्हर्टर फिरवतो तेव्हा तिथूनच मोजतात – एक, दोन, तीन. कोणी नवीन गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बोट करून कौतुकाने सांगतात, “याच्या हातून कदी फट राहत नाय.”

मी तेव्हा हात पुसत असतो.

फट होती, चाचा. करंगळीएवढी. तुमच्या हातून काहीही चुकलं नव्हतं.

हे मी त्यांना कालही सांगितलं नाही. ते इथून दहा पावलांवर बसले होते.