चुन्याचं बोट

आमच्या नातेवाइकांत ती गोष्ट अजून अशी सांगतात: सहा तासांच्या शर्यतीत आमची गाडी तिसरी होती, शेवटचा दीड तास उरला होता आणि सुनेनं गाडी दगडावर घातली. चाक निखळलं, शर्यत गेली. सांगणारा हसतो, ऐकणाराही हसतो. वाईट मनानं कोणी सांगत नाही. पण गोष्ट खोटी आहे आणि ती पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाली. म्हणून खरी काय ते लिहिण्याचं कामही माझंच.

अकोल्यात माझं गॅरेज आहे. तरुणपणी तंबाखू खात होतो. तंबाखू सुटली, पण चुन्याची डबी खिशात राहिली, कारण ती कामाची झाली होती. चाकाचा नट शेवटचा आवळला की त्यावर चुन्याचं एक बोट लावायचं, अशी माझी पद्धत. आधी पाना, मग बोट. मध्येच गिऱ्हाईक आलं, फोन आला, तरी परत आल्यावर कुठला नट झाला आणि कुठला राहिला हे विचारायला नको. पांढरं दिसलं की गाडी रस्त्यावर जायला मोकळी. माझ्या हाताखाली शिकून गेलेल्यांनी पुढे आपापल्या गॅरेजात हीच पद्धत चालवली. मला त्याचा अभिमान होता. तो किती होता हे मला नंतर कळलं.

सून अचलपूरजवळच्या माळ्याच्या घरातली. लग्नाआधीपासून ती झेंडूनं भरलेली पिकअप घेऊन अमरावतीच्या फूलबाजारात जायची. फुलांची गाडी चालवणं सोपं नाही. हिसका बसला की खालची फुलं दबतात आणि दबलेलं फूल बाजारात कोणी हातात घेत नाही. तिच्या हातात गाडी आली की खड्डासुद्धा जसा आधी विचारून यायचा. लग्नानंतर गॅरेजची पिकअपही तीच चालवू लागली. माझा मुलगा वेगानं चालवतो. सून एका लयीत चालवते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत दुसऱ्या गुणाची किंमत जास्त, हे माझ्या एका मित्राच्या पहिल्यांदा लक्षात आलं. तो एसटीतला निवृत्त ड्रायव्हर. चिखलदऱ्याच्या घाटात त्याचं अर्धं आयुष्य गेलं.

असा आमचा चौघांचा संघ झाला. मुलगा आणि सून आळीपाळीनं दीड-दीड तास चालवणार, मी चाकं आणि इंजिन बघणार, मित्र घड्याळ आणि चालवणाऱ्याला फेऱ्या दाखवायची पाटी सांभाळणार. गाडी एक जुनी छोटी कार, मागची सीट काढून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड केलेली. शर्यत नांदगाव पेठच्या एमआयडीसीत, रिकाम्या पडलेल्या जमिनीवर मुरूम दाबून केलेल्या रिंगणात. कडेला जुन्या टायरांच्या भिंती. थंडीचे दिवस होते.

शनिवारी गाडीची तपासणी झाली आणि दुपारी आम्ही चाक बदलण्याचा सराव केला. रिंगणात वळणं बहुतेक उजवीकडची, त्यामुळे डावं पुढचं टायर लवकर झिजणार होतं. रविवारी शेवटच्या थांब्यात ते बदलायचं ठरलं. मित्र घड्याळ धरून उभा होता.

"काय टाइम झाला?" मी विचारलं.

"चाक ठीक हाये. तुह्यं बोट लय टाइम खाऊन राह्यलं."

"बोट तं लागीन."

"लाव नं बाप्पा. तुह्यं बोट म्हणजे आरटीओचा शिक्का. पण शिक्का मारता मारता गाडी मोडीत जायची."

सून हसली. "काका, मामाजींच्या बोटाले काही नका म्हणू. त्याच्याच भरवशावर मी आत बसतो."

मुलगा म्हणाला, "मंग तुमी दोघं बोटावरच शर्यत जिंका."

मी पण हसलो, पण मित्राचं म्हणणं मनाला लागलं. नट शेवटचे आवळायचे ते गाडी जॅकवरून खाली आल्यावर. चाक हवेत असताना ते नुसते हातानं फिरवून बसवतात. मी ठरवलं, हातानं फिरवतानाच बोट लावून टाकायचं आणि गाडी खाली आली की नुसता पाना चालवायचा. काही क्षण वाचणार होते. मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही वाटलंच नाही.

रविवार चांगला गेला. बाकीच्या गाड्यांत आमच्यापेक्षा जोराच्या पुष्कळ होत्या. कोणाचं इंजिन तापलं, कोणी भिंतीत गेलं. आमची गाडी नुसती फिरत राहिली. सून चालवायला बसली की मित्र प्रत्येक फेरीची वेळ ओरडून सांगायचा आणि प्रत्येक वेळी आकडा जवळजवळ तोच यायचा. "हे पोट्टी पास झाली असती एसटीत," तो म्हणाला. दुपारी कोणीतरी अमरावतीहून गिला वडा आणला, तो आम्ही उभ्यानंच खाल्ला, मित्रानं आपला शेवटच्या थांब्यानंतर खायला ठेवला. शेवटच्या थांब्याला आम्ही तिसरे होतो.

मुलगा गाडी घेऊन आत आला. मी नट सैल केले, पाना खाली टाकला. गाडी जॅकवर गेली. झिजलेलं चाक काढून बाजूला ढकललं, नवं बसवलं, चार नट हातानं फिरवले, चार बोटं लावली. गाडी खाली आली. सून आत बसली होती, मुलगा तिचा पट्टा ओढून बांधत होता. त्यानं मान वर केली. "बाबा, झालं?"

मी चाकाकडे पाहिलं. चार पांढरे ठिपके. तो ठिपका दिसला की काम झालं, हे माझ्या डोळ्यांनी इतकी वर्षं वाचलं होतं की दुसरं काही त्यांना वाचताच येईना. "झालं," मी म्हणालो आणि टपावर दोन थापा मारल्या. ती निघाली.

इथपर्यंतची चूक मी माणसाची चूक म्हणून मान्य करू शकतो. पुढचं तसं नाही.

पसारा आवरायला मी खाली वाकलो. पाना दिसेना. काढलेलं जुनं चाक उचललं तर तो त्याच्याखाली पडलेला. मी तसाच बसून राहिलो. जुनं चाक पान्यावर होतं. म्हणजे नवं चाक बसवल्यावर पाना माझ्या हातात आलाच नव्हता.

पाटी माझ्यापासून चार पावलांवर होती. मित्रानं तिच्या मागच्या बाजूला खडूनं मोठ्या अक्षरात 'ये' लिहून ठेवलं होतं, अडचण आली तर गाडी आत बोलवायला. ती उचलून रिंगणाच्या कडेला धरायची, एवढंच काम. सून पहिली फेरी पूर्ण करून समोरून गेली. मी पाटी उचलली नाही. मनात म्हणालो, हातानं घट्ट बसवलेत. म्हणालो, कदाचित आवळलेही असतील, मला आठवत नसेल. तिसरा नंबर होता. मित्र काय म्हणेल, मुलगा काय म्हणेल, हेही मनात होतं. खरं सांगायचं तर तेच जास्त होतं. दुसऱ्या फेरीला ती समोरून गेली तेव्हा इंजिनच्या आवाजाखाली एक बारीक खडखड मला ऐकू आली. मी पाटीकडे निघालो. पाटी हातात आली तेव्हा पलीकडच्या वळणावर चाक एकटंच उड्या मारत जाताना दिसलं आणि गाडी टायरांच्या भिंतीत तिरकी घुसली.

ती स्वतःच्या पायांनी चालत आली. पट्टा आवळून खांद्यावर काळंनिळं झालं होतं, बाकी काही नाही. हेल्मेट हातात होतं. सगळ्यांना सोडून ती माझ्याकडे आली.

"मामाजी, माह्यं काही चुकलं का जी?"

तेवढ्यात मुलगा मुरमातून सापडलेला एक नट घेऊन पळत आला. त्यावर चुना तसाच होता. "बाबा, हे आवळले होते नं?"

"तुले दिसून नाई राह्यलं का?" मी म्हणालो. "बोट लागलं हाये."

"मंग निघालं कसं?"

"दगड लागला असंन," मी म्हणालो.

सुनेनं थोडा विचार केला. "असंन," ती म्हणाली. "मले तं काही जाणवलं नाई. पण असंन."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, म्हणून तिला स्वतःवरचा काढून घ्यावा लागला. दोन्ही एका वेळी ठेवायला जागाच मी सोडली नव्हती.

त्यानंतर ती रडली नाही, रुसली नाही. पिकअपची किल्ली मात्र तिनं खिळ्याला लावली ती परत घेतली नाही. सामान आणायचं असलं की "तुमीच जा" असं मुलाला म्हणायची. त्याला वाटलं, भीती बसली, जाईल हळूहळू. एकदा रस्त्यात साध्या गतिरोधकावर तिनं डोळे मिटून घेतलेले मी पाहिले. दगड आपल्याला दिसलाच नाही, मग आणखी काय काय दिसत नसेल, ही तिची भीती. ती माझ्याच एका वाक्यातून आली होती. मी रोज ते वाक्य मागं घ्यायचं ठरवायचो आणि रोज जेवून झोपायचो. शर्यतीनंतरच्या पहिल्या दसऱ्याला तिच्या भावानं फुलं नेली.

पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही तिच्या माहेरी होतो. मुलगा गॅरेजमध्ये अडकला होता. दसऱ्याला सगळ्यांना गाड्या धुऊनपुसून, दुरुस्त करून हव्या असतात. भल्या सकाळपासून घरातली सगळी माणसं झेंडू तोडत होती, मीही जमेल तेवढा तोडला. पिकअप भरली. आणि त्याच वेळी बांधावरून उतरताना तिच्या भावाचा पाय घसरला आणि मनगट सुजून गेलं. त्या दिवशी गावात मोकळा ड्रायव्हर मिळणं शक्य नव्हतं. दुपारच्या आत फुलं अमरावतीला पोहोचायला हवी होती. दसरा झाल्यावर त्या फुलांचं करायचं काय?

तिचे वडील किल्ली घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. "चाल वं माय. तुह्याच हातची गाडी हाये."

"मी नाई चालवत, बाबा."

"काहून?"

"मले दगड दिसत नाई." तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं, जसं कोणी चष्म्याचा नंबर सांगतं.

वडिलांनी जोर केला नाही. ते गाडीकडे वळून फुलांवरचं ओलं पोतं सारखं करू लागले. मी ओट्यावर बसलो होतो.

"दगड नव्हताच," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून उभा राहिलो, कारण हे बसून सांगण्यासारखं नव्हतं. "नट म्या आवळले नव्हते. नुसतं बोट लावलं होतं. पोरीची काही चूक नव्हती."

तिच्या भावानं मनगट धरून खाली पाहिलं. सून माझ्याकडे बघत राहिली. मग वडिलांच्या हातातली किल्ली घेतली. "बसा," ती मला म्हणाली.

गावाबाहेर पडेपर्यंत तिचे हात स्टिअरिंगवर ताठ होते. पहिल्या वळणाला तिनं गाडी फार हळू केली, दुसऱ्याला कमी. परतवाड्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला तेव्हा तिचे खांदे उतरले. मला वाटलं, इथंच थांबावं. एवढं पुरे आहे. पण एक अर्धं खोटं काढून दुसरं अर्धं ठेवायचं, तर मग बोललोच कशाला? मी तिला जुन्या चाकाखालच्या पान्याचं सांगितलं. पाटीचं सांगितलं. ती समोरून दोनदा गेली आणि मी उभा राहिलो, तेही सांगितलं.

दोन-तीन गावं गेली. गाडी एका लयीत चालली होती.

"दुसऱ्या खेपेले मले खडखड ऐकू आली होती," ती म्हणाली. "मी तुमच्याकडे पाह्यलं. तुमी उभे होते. मी म्हटलं, मामाजी उभे हायेत, म्हणजे सगळं बराबर हाये."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग मधल्या कप्प्यातली पाण्याची बाटली काढून माझ्या मांडीवर ठेवली. "प्या. उन्हात फुलं तोडली तुमी."

फूलबाजारात पोहोचल्यावर पोतं उघडलं. खालचा थर दबला नव्हता. एका व्यापाऱ्यानं खालून मूठभर फुलं काढून पाहिली आणि म्हणाला, "हे गाडी कोणं आणली?" तिनं उत्तर दिलं नाही. तिनं सीटमागचा पाना काढला आणि खाली बसून चारी चाकांचे नट एक-एक करून तपासले. मग माझ्यासमोर हात पसरला. मी डबी दिली. प्रत्येक नटावर तिनं बोट लावलं आणि डबी स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

परत येताना म्हणाली, "मले सांगून भागलं नाई जी. ज्याईनं दगडाचं ऐकलं, त्याईलेही सांगा."

त्याच संध्याकाळी अकोल्याला परतल्यावर मुलाला सांगितलं. तो बराच वेळ जेवला नाही. मग बायकोला म्हणाला, "मी साऱ्या जगाले सांगत फिरलो." ती म्हणाली, "मंग आता उलटं फिरा." मित्राला सांगितलं, तो नेहमीसारखी थट्टा करेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "पाटी माह्या हातात पाह्यजे होती. मी गिला वडा खात होतो." त्याचाही एक वाटा होता म्हणे. मी तो त्याला देत नाही. बाकीच्यांकडे घरोघर जाण्याइतकं वय आता राहिलं नाही, म्हणून हे लिहिलं.

या थंडीत पुन्हा शर्यत आहे. मी म्हणालो, चाकांचं काम दुसऱ्या कोणाला द्या. सुनेनं ऐकलं नाही. नट मीच आवळायचे. मी पाना खाली ठेवला, की गाडीत बसण्याआधी ती तो उचलून चारी नट एकदा ओढून बघणार आणि मग बोट ती लावणार. काल गॅरेजमध्ये सराव केला. मित्र घड्याळ धरून उभा होता. वेळ पूर्वीपेक्षा जास्त लागला. त्यानं तोच पाटीवर लिहून घेतला.