खऱ्या फोनोचा हात

काशीराम मेस्त्रींनी फोनोच्या पेटीची तळाची फळी काढली, आत बॅटरीचा उजेड पाडला, आणि कोपऱ्यात सुकलेल्या कुंकवाचं बोट दिसलं तसे ते होते तिथेच थबकले.

"काय हो मेस्त्री? झुरळ निघालं की काय?" नलिनीबाईंनी विचारलं.

"झुरळ नाही बाई. कुंकू आहे."

"फोनोत कुंकू?"

"माझंच. माझ्या हाताखालून जी पेटी जाते, तिला मी आतून एक बोट लावतो. देवाचं नाव घेऊन पाठवायची, एवढंच."

नलिनीबाई एकदम खुलल्या. मुलुंडच्या शाळेतून त्या दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. हा कर्ण्याचा फोनो त्यांनी गेल्या साली एका दुकानातून घेतला होता. कोकणातल्या कुणा इनामदाराच्या घरचा अस्सल जुना माल, असं दुकानदार शपथेवर म्हणाला होता. गाणं मधेच मंदावून रडकं व्हायचं, म्हणून तपासायला मेस्त्रींना बोलावलं होतं. "म्हणजे हा पूर्वी तुमच्याकडे दुरुस्तीला आला होता! झालं तर मग. माझ्या मनात उगाच पाल चुकचुकत होती. ऐकलंस का गं आत्या, अस्सल आहे आपला फोनो!"

खिडकीजवळ वेताच्या खुर्चीत शेवंतीआत्या बसल्या होत्या. वय एक्याऐंशी. "अस्सल आहे तर मधेच रडतो कशाला?" त्या म्हणाल्या.

मेस्त्री काहीच बोलले नाहीत. बोलायला हवं होतं, हे त्यांना तेव्हाच कळत होतं. पण ते कुंकू नक्की कुठल्या दिवसांतलं, हे त्यांना ओळखता येत नव्हतं.

मेस्त्री मूळचे कुडाळकडचे. चौदाव्या वर्षी मामाबरोबर मुंबईला आले आणि गिरणीच्या सुतारखात्यात लागले. तिथल्या एका मास्तरांच्या घरी फोनो होता. त्याची पेटी सांधायला म्हणून गेले आणि यंत्र उघडून बघताबघता त्याच्या नादाला लागले. पुढे वीस-बावीस वर्षं घाटकोपरच्या भटवाडीतल्या खोलीत रविवारी फोनो दुरुस्त करणं हा त्यांचा छंदही होता आणि वरखर्चाची सोयही. तुटलेली स्प्रिंग जोडायची, सुकलेलं वंगण खरवडायचं, शेवटी पेटीला आतून कुंकू लावायचं आणि ज्याची त्याला परत करायची. त्या काळात खरं-खोटं हा प्रश्नच नव्हता. फोनो म्हणजे फोनो.

मग संप झाला. गिरणी गेली ती गेलीच. जोगेश्वरीला एका शेटच्या कारखान्यात काम मिळालं. शेट जुन्या धर्तीचे नवे फोनो बनवून घ्यायचा. हॉटेलांत, बंगल्यांत शोभेला ठेवायचे. मेस्त्रींनी तीन वर्षं तिथे पेट्या केल्या. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, काम होतं ते. पेटी तयार झाली की सवयीने हात जायचाच, आणि तिलाही आतून कुंकवाचं बोट लागायचं.

आता हे कुंकू दुरुस्त केलेल्या खऱ्या फोनोतलं, की स्वतः घडवलेल्या नव्या फोनोतलं?

त्यांनी पुन्हा बॅटरी मारली. लाकूड बघितलं. शंभर वर्षांचं सागवान. पण त्यावरून काय ठरणार? शेट पाडलेल्या चाळींच्या चौकटी आणायचा आणि मेस्त्री त्याच्याच पेट्या करायचे. स्क्रू बघितले. जुने, डोक्याला बारीक खाच असलेले. पण जुने स्क्रू डालड्याच्या डब्यात साठवून ते नव्या पेट्यांना लावायचे, आणि खऱ्या फोनोंचे झिजलेले स्क्रू काढून तिथे नवे बसवायचे. म्हणजे जुना स्क्रू दिसला तर पेटी नवी असण्याचीच शक्यता जास्त! पेटीवरचा डाग बघितला. तोही जुना वाटत होता, पण चहाच्या पाण्याचा आणि काजळीचा डाग द्यायला त्यांच्याइतका तरबेज हात जोगेश्वरीत दुसरा नव्हता, हे शेट चारचौघांत सांगायचा. यंत्र मात्र अस्सल होतं. दोन स्प्रिंगांचं, जड, विलायती. त्यात शंका नाही. फक्त सुईचा हात, म्हणजे ज्याच्या टोकाला सुई बसते तो वाकडा नळ, चमकदार आणि नवाकोरा होता.

"मेस्त्री," नलिनीबाई म्हणाल्या, "तुम्ही हो म्हणालात तरच मी ती लावणार. ठाऊक आहे ना?"

ती म्हणजे आत्यांची तबकडी. आत्या एकोणीस वर्षांच्या असताना एका कंपनीने त्यांची दोन पदं भरून घेतली होती. वर्षभरात लग्न झालं, सासरी गाणं बंद झालं. कंपनीही बुडाली. उरली ती एवढी एकच तबकडी, जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेली. पुढच्या महिन्यात आत्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. त्या दिवशी होमहवन झालं की सगळ्या गोतावळ्यासमोर ती लावायची, असं नलिनीबाईंनी पत्रं पाठवून कळवूनही टाकलं होतं.

"रविवारी येतो," मेस्त्री म्हणाले. "तोवर लावू नका. कुठलीच लावू नका."

घरी आल्यावर चहा समोर तसाच राहिला. सुनंदाने देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि वळून नवऱ्याकडे बघितलं.

"काय झाला? चाय थंड झाली तरी हात लावक नाय."

"माका कळणा नाय गो, तो फोनो खरो की मी केलेलो."

"तुमी केलेलो म्हणजे खोटो काय? घरातला कपाट तुमी केला, ता काय खोटा?"

"कपाट नवा म्हणान दिला. फोनो जुनो म्हणान इकलो."

"इकलो तो शेटान."

"पण जुनो केलो मी."

थंड चहाचा कप उचलत सुनंदा म्हणाली, "बाईंका सांगान टाका."

"काय सांगू? माकाच ठावक नाय तर."

"ठावक नाय, ह्या तरी सांगा."

मेस्त्री उठले. माळ्यावर एका खोक्यात जुन्या पंचात गुंडाळलेली एक वस्तू होती, ती त्यांनी खाली घेतली. पंचा उलगडला. आत सुईचा एक जुना हात होता.

शेटकडे एकदा एक खरा फोनो आला होता, अगदी पूर्ण. शेट म्हणाला, ह्याचे तीन कर. एकात खरं यंत्र, एकात खरी पेटी, एकात खरा सुईचा हात, बाकीचं नवं. म्हणजे तिन्ही फोनो जुने म्हणून जातील, आणि कुणी तपासलंच तर एक तरी गोष्ट खरी निघेल. मेस्त्रींनी ते केलं. सुईचा हात मात्र त्यांना देववेना. इतका हलका, इतका सुरेख वळवलेला तो नळ कुठल्या तरी हॉटेलात धूळ खाणार, हे मनाला पटेना. "हात मोडका निघाला," असं शेटला सांगून त्यांनी तो घरी आणला. चोरीच म्हणायची. त्यानंतर दोन महिन्यांत त्यांनी ते काम सोडलं, पण हात परत केला नाही.

आता नलिनीबाईंचा फोनो त्या तिघांतला एक असेल का? यंत्र खरं आहे, म्हणजे असेलही. की आपण कधी काळी दुरुस्त केलेलाच, आणि नंतर दुसऱ्याच कुणी हात बदललेला? रविवार उजाडेपर्यंत त्यांच्या डोक्यात हेच घोळत राहिलं.

रविवारी सकाळी मुलुंडला पोचल्यावर, चप्पल काढायच्या आधीच, दारातच त्यांनी सगळं सांगून टाकलं. कारखाना, चौकटींचं सागवान, डालड्याचा डबा, मोडका म्हणून आणलेला हात, सगळं.

नलिनीबाईंचा चेहरा उतरला. "आणि परवा मी अस्सल, अस्सल म्हणून नाचत होते, तेव्हा तुम्ही गप्प बसलात?"

"होय बाई."

"आणि तो इनामदार?"

"ते मला ठाऊक नाही. असेलही. यंत्र तरी कुणाच्या तरी घरातलंच आहे."

"अगं नले, त्याला आत तरी घे," आत्या खुर्चीतून म्हणाल्या. "घरात येऊन शिव्या खाऊ दे."

मेस्त्री आत येऊन फोनोपुढे बसले. पिशवीतून एक घासून बाद झालेली तबकडी काढली आणि नव्या हातावर लावली. गाणं संपल्यावर सुई पांढऱ्या रुमालाला पुसली. रुमालावर काळी पूड उमटली, चिमूटभर तरी असेल.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"गाणं. तबकडीतलं. नवा हात जड असतो, शिवाय तिरका बसतो. सुई खाचेतून चालत नाही, खाच खरवडत जाते. दिसायला झकास, पण प्रत्येक वेळी इतकं गाणं बाहेर सांडतं."

नलिनीबाईंनी नकळत कपाटाकडे बघितलं. तबकडी तिथे होती. आणि त्यांनी ती दिवाळीतच लावायची ठरवली होती. गोडाधोडाच्या गडबडीत राहून गेली, म्हणून वाचली.

मेस्त्रींनी नवा हात काढला आणि पंचातला जुना बसवायला घेतला. तीन स्क्रूंची तीन भोकं. जुना हात त्यांवर असा चपखल बसला, जणू कालच तिथून काढला होता.

"बसला!" बाई जवळजवळ ओरडल्या. "म्हणजे ही त्याचीच पेटी. खरीच आहे!"

मेस्त्रींनाही क्षणभर तसंच वाटलं. मग आठवलं, आणि त्यांनी मान हलवली. "तसं नाही म्हणता येत बाई. नव्या पेट्यांना भोकं पाडताना माप मी ह्याच हाताचं घेतलं होतं. ह्या हाताला सगळ्याच पेट्या बसतात."

"अहो, मग काहीतरी एक सांगा ना! खरं की खोटं?"

"खरंच कळत नाही हो. हाताची हमी देतो. पेटीची नाही देत."

पुन्हा तीच बाद तबकडी, पुन्हा रुमाल. ह्या वेळी डाग तीळभर. पण होताच.

"म्हणजे ह्यानेही झिजते?"

"झिजते. खऱ्यानेही झिजते. ऐकायचं म्हटलं की झिजायचंच. पण कमी."

नलिनीबाई कपाटापाशी जाऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. भिंतीवर दत्तगुरूंची तसबीर होती, तिच्याकडे बघत राहिल्या. लावावी तर झिजणार, न लावावी तर असून नसल्यासारखी. शेवटी नमस्कार केला आणि नऊवारीचा तुकडा उलगडला.

मेस्त्रींनी नवी सुई लावली. चावी पूर्ण दिली, म्हणजे मधेच रडायला नको. तबकडीखाली कागदाचा कपटा खोचून, घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला बरोबर अठ्ठ्याहत्तर, कंपन्यांचा ठरलेला वेग. मग सुई टेकवली. आधी तेलात मोहरी तडतडावी तशी खरखर, आणि तिच्यामागून एका पोरीचा बारीक, टोकदार आवाज.

आत्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ही कोण?"

"आत्या, अगं तूच!"

"मी नव्हे. मी काळी चारच्या सुरात गायचे. ही त्याच्याही वर, काळी पाचात पळतेय. हिच्या मागे कुत्रं लागलंय का?"

नलिनीबाईंना रडूच यायचं बाकी राहिलं. फोनोचं तर झालंच होतं, आता तबकडीचंही का? त्यांनी मेस्त्रींकडे बघितलं. मेस्त्री म्हणाले, "आत्या, मी मोजून लावलंय. अठ्ठ्याहत्तर."

"तू आकडे मोज. मी माझा गळा सांगतेय."

आता यंत्र बरोबर, कागदाचा कपटा बरोबर आणि आत्या तर पुऱ्या एक्याऐंशी वर्षांच्या. कुणाचं खरं धरावं? मेस्त्रींना वाटलं, त्या बुडालेल्या कंपनीने तेव्हा कुठल्या वेगाने भरली असेल कोण जाणे, यंत्राच्या आकड्याला कोण साक्षी होतं? त्यांनी वेगाचा स्क्रू धरला आणि अगदी केसाकेसाने मागे घ्यायला लागले. आवाज खाली यायला लागला. आत्यांनी हात वर धरला होता, तो त्या आवाजाबरोबर हळूहळू खाली आणत होत्या. पोरीच्या आवाजातला टोकदारपणा गेला, त्याला अंग आलं, श्वास ऐकू यायला लागला.

"अजून," आत्या म्हणाल्या. "अजून थोडं. जास्त नको! परत. हां. बस."

मेस्त्रींनी हात काढून घेतला. पदाचा शेवटचा चरण तेवढा उरला होता. आत्या ओठ मिटून ऐकत होत्या. एका जागी त्या "अगं, इथे चुकतेय ती," असं पुटपुटल्या, आणि खरोखरच पुढच्याच तानेला ती पोर जरा घसरली. तेव्हा नलिनीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

सुई शेवटच्या खाचेत फिरत राहिली. मेस्त्रींनी ती उचलून पुसली. रुमालावर तीळभर काळं.

"परत लाव," आत्या म्हणाल्या. "पहिला अर्धा तर पळतच गेला."

"आत्या, सोहळ्यासाठी राखू या ना," नलिनीबाई म्हणाल्या. "सगळे येणार आहेत. मी कळवलंय सगळ्यांना."

"त्यांना लाडू दे. चांगले तुपातले दे. त्यांतला एक तरी काळी चार ओळखतो का? माझी आहे, मला ऐकायची आहे."

"पण झिजेल गं."

"मग मी काय नवी राहिलेय?"

मेस्त्रींनी नलिनीबाईंकडे बघितलं. बाई मेस्त्रींकडे बघत होत्या, जणू ह्याचीही हमी त्यांनीच द्यायची होती. लावणं बरोबर की राखणं बरोबर, हे मेस्त्रींनाही कळत नव्हतं. त्यांनी डबीतून नवी सुई काढली, चावीला हात घातला, आणि बाईंनी "नको" म्हणायची थोडा वेळ वाट बघितली. बाईंनी खुर्ची ओढून आत्यांच्या शेजारी घेतली.