शेवटच्या मॅचला बारवी ते उल्हासनगर

शनिवारी दुपारी आमच्या चार जणांच्या ग्रुपवर जनाकाकांचा मेसेज आला: "सोमवारी मी नाय येत." बस्स, एवढंच. मी भाजी चिरत होते, सुरी खाली ठेवली आणि नवऱ्याला म्हटलं, उद्या मी बारवीला चालले आहे. त्याने वर न बघताच विचारलं, "त्या हरणाऱ्या टीमसाठी?" हो, त्याच हरणाऱ्या टीमसाठी.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात राहते आणि एका अमेरिकन क्लायंटचे हिशोब बघते. तिकडच्या बाई दर सोमवारी कामाआधी फुटबॉलचा विषय काढायच्या. आपला फुटबॉल नव्हे, तो लांबुळक्या चेंडूचा, हेल्मेटवाला. दोन शब्द बोलता यावेत म्हणून मी त्यांच्या टीमची एक मॅच बघितली. त्या बाई नोकरी सोडून गेल्या, टीम माझ्या गळ्यात पडली. टीमचं नाव लिहिणार नाही. हंगाम चालू असताना आम्ही नाव घेत नाही, नजर लागते. आता आणखी काय नजर लागायची राहिली आहे म्हणा! यंदा आम्ही अख्ख्या हंगामात एकच मॅच जिंकलो होतो आणि सोमवारची मॅच शेवटची होती.

मॅच बघतो ती उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, लछूदादांच्या जीन्सच्या कारखान्यात. लछूदादा सिंधी, त्यांची बहीण त्याच टीमच्या गावात राहते, म्हणून त्यांनी कटिंग टेबलासमोर मोठा टीव्ही लावला. अंबरनाथ पूर्वेचा समीर त्यांच्या ऑनलाइन ऑर्डरी सांभाळतो, तो आम्हां सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत कट्टर. लछूदादांचं कापडाचं गोदाम बारवीच्या रस्त्याला जनाकाकांच्या जागेत आहे, त्या ओळखीने एकदा काका आले. काका आगरी, तरुणपणी कबड्डीत नाव कमावलेले. पहिल्या पाच मिनिटांत म्हणाले, ही तर पकडच हाय, फक्त हेल्मेट घालून करतान. तेव्हापासून ते आमच्यातले झाले.

आता आमचा नियम ऐका. ती एकमेव जिंकलेली मॅच चालू असताना काका आमच्यासाठी नाश्त्याचं दालपकवान आणायला बाहेर गेले होते. परत येईपर्यंत आम्ही जिंकलो होतो. झालं, समीरने जाहीर केलं की काका बाहेर असले की आपण जिंकतो. क्रिकेटला आपल्या घरोघरी हेच चालतं ना, विकेट पडली त्या वेळी जो जिथे बसला असेल त्याने तिथून हलायचं नाही. तेव्हापासून काकांची खुर्ची बाहेरच्या गॅलरीत. गंमत म्हणजे आमच्या बऱ्याच मॅच आपल्या रात्री होतात, त्यामुळे आम्ही निकाल न बघता सोमवारी सकाळी रेकॉर्डिंग लावतो. म्हणजे मॅच संपून तास उलटलेले असतात, तरीही काका बाहेर! आणि एवढं करूनही आम्ही हरतच होतो. समीरचं म्हणणं, काका दारातून डोकावत असणार.

तर रविवारी सकाळी स्कूटी काढली. बदलापूर पश्चिमेहून बारवी धरणाचा रस्ता धरायचा. जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर घाला, झाडीत शिरलं की गारठा वाढतो. पेट्रोल गावातच भरून घ्या. रस्ता बराचसा बरा आहे, पण वळणांवर खडी पसरलेली असते, तिथे शायनिंग मारायची नाही. भात कापून झालेली शेतं, मधेच वालाचे हिरवे तुकडे, आणि धरणाच्या अंगाला डोंगर. सहलीला येणारे लोक सरळ धरणाकडे पळतात. माझं ऐका, वाटेतल्या एखाद्या वाडीपाशी थांबून चहा प्या.

काकांच्या अंगणात पोचले तेव्हा काकी वाल सोलत होत्या. काका मला बघून हसले, पण मॅचचा विषय काढला की भाताबद्दल बोलायला लागायचे. मला वाटलं, हा माणूस टीमवर रुसला. मी सुरूच झाले. शेवटच्या मॅचला पाठ फिरवायची नाही, तिकडचे काही पाठीराखे तर इंटरनेटवर लिहितायत की ही पण मुद्दाम हरा, कारण तळाला राहिलेल्या टीमला पुढच्या वर्षी नव्या पोरांतला पहिला खेळाडू निवडता येतो. अशा लोकांना तर रांगेत उभं करून फटके द्यायला हवेत, आपण तसले नाही, वगैरे वगैरे. मी बोलत होते आणि काका वालाच्या शेंगेशी खेळत होते. शेवटी काकीच म्हणाल्या, अहो सांगून टाका की तिला.

काका म्हणाले, "मना आत बसून बगाचा हाय, गो. एवढाच. दर सोमवारी जीप काढून येतू आणि गॅलरीत बसून तुमचा रडना आयकतू. नाय जमत आसल तर मी येत नाय. पुढच्या साली पन नाय."

राग नव्हता हो त्यांच्या बोलण्यात, तेच जास्त लागलं. चार जणांतला हा सगळ्यात हौशी माणूस, आणि आम्ही त्याला महिनोन् महिने दाराबाहेर बसवलं, तेही त्याने निमूट ऐकलं. पण खरं सांगते, दुसऱ्याच क्षणी मनात आलं: सोमवारी हरलो तर? तळाला जाणार होतो आम्ही, सगळ्या लीगमध्ये शेवटचे. मला ती मॅच हवी होती, अगदी पोटातून हवी होती. काकींनी वाढलेली तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण खाल्लं. हात धुतले आणि म्हटलं, काका, उद्या तुम्ही आत. समीरला मी बघते.

समीरला बघणं सोपं नव्हतं. संध्याकाळी अंबरनाथला त्याला शिवमंदिराजवळ गाठलं. गेला नसाल तर हे देऊळ चुकवू नका. दगडावरचं कोरीवकाम बघायला बाहेरून सावकाश फेरी मारा आणि मग गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जा, खाली एकदम शांत वाटतं. सोमवारी नि श्रावणात गर्दी असते, रविवारी संध्याकाळीही थोडी होती. मी पिंडीपुढे नवस बोलले, टीमचं नाव मनातल्या मनात घेऊन, देवाला चालतं. वर आल्यावर समीरला नवसाचं सांगितलं आणि काकांचंही.

"ताई, पागल झालीस काय? लास्ट मॅच आहे यार. अगली बार बिठा देंगे ना उनको."

मी म्हटलं, पुढच्या वेळी ते येणारच नाहीत. तो पार नाक्यापर्यंत माझ्याशी वाद घालत आला की देवळात नवस बोललीस आणि वर नियमही मोडतेस, असं कसं चालेल. मी त्याला उसाचा रस पाजला. रस संपला तरी तो तयार नव्हता. फक्त म्हणाला की मी काही बोलणार नाही, तुझं तू बघ.

सोमवारची मॅच थेट होती आणि आपल्याकडे सकाळी होती, हे नशीब. समोरच्या टीमला पुढची फेरी गाठायला ती जिंकायची होती, म्हणून ती तिकडच्या रविवार रात्रीच्या मुख्य वेळेला लावलेली. काका अंधारातच जीप घेऊन हेंद्रेपाड्यात आले, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते, मी चिडवलं तर लाजले. अंबरनाथला समीरला घेतलं आणि कॅम्प पाचला उतरलो. तुम्ही स्वतःची गाडी नेणार असाल तर पहाटेच जा, दुकानं उघडली की तिथे सायकल लावायला जागा मिळत नाही. सकाळी दालपकवान नक्की खा. कुरकुरीत पकवान, वर चणाडाळ, कांदा, गोड नि तिखट चटणी. आमचं चौघांचं पोटभर झालं ते एका पिझ्झ्याच्या पैशात, तेही लछूदादांनी मला देऊ दिले नाहीत.

आत कापलेल्या डेनिमचे ढीग होते, कापडाचा निळा कोंडा सगळीकडे. लछूदादांना मी फोनवर सगळं सांगितलं होतं. त्यांनी एक अक्षर न विचारता गॅलरीतली खुर्ची उचलली, टीव्हीसमोर ठेवली आणि म्हणाले, "बैठो काका, आपलंच घर आहे." समीर भिंतीला टेकून उभा राहिला.

काका दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले, आणि पहिल्या धडकेलाच त्यांच्या तोंडून कबड्डीच्या मैदानावरची आरोळी निघाली. आमच्या पोरांनी काय खेळ केला! ज्या टीमकडे गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं ती समोरच्यांना पुढे सरकू देत नव्हती. शेवटी आम्ही दोन गुणांनी मागे, काही सेकंद बाकी, आणि आमचा किकर मैदानात आला. त्याने लाथाडलेला चेंडू दोन खांबांच्या मधून गेला तर तीन गुण, म्हणजे मॅच आमची.

तेव्हा काका खुर्चीतून उठले. त्यांना जायला कुणी सांगितलं नव्हतं. समीर माझ्याकडे बघत होता. काका हळूच म्हणाले, "मी जातू बाहेर. झाला बगून."

मी त्यांचा हात धरला. "बसा, काका. हरलो तर बघून हरू."

ते उभेच. मग समीर भिंतीपासून हलला, दाराशी गेला, गॅलरीचं दार लावून घेतलं आणि काकांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. काका बसले.

चेंडू उंच गेला, डाव्या खांबाला लागला आणि बाहेर पडला.

आम्ही हरलो. तळाला गेलो. समीर डोळे पुसत होता आणि ते लपवतही नव्हता. मलाही रडू आलं, का नाही येणार? लछूदादांनी टीव्हीचा आवाज कमी केला. काका अजून पडद्याकडे बघत होते, तिकडे तो किकर मान खाली घालून उभा होता आणि त्याचे सोबती एकेक करून त्याच्या पाठीवर हात ठेवत होते.

"मना वाटला व्हता, लय वाईट हरत आसतील," काका म्हणाले. "तुमचा रडना आयकून तसाच वाटायचा. ही पोरं तर मरस्तोवर खेलतान."

परतीला अंबरनाथला उतरताना समीरने काकांना विचारलं की त्या जिंकलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग अजून आहे, फोनवर पाठवू का, तुम्ही ती बघितलीच नाही. काका म्हणाले, "ती तुमी बगितली ना, झाला मग. मना पुढच्या सालची बगाची हाय."

घरी आले तर नवऱ्याने चहा टाकला होता. माझ्या तोंडाकडे बघून निकाल त्याने ओळखला. नवसाचं काय, म्हणाला. मी म्हटलं, देवाचा काही दोष नाही, खांबाचा आहे. दुपारी कामाला बसले तर ओढणीला निळा कोंडा चिकटलेला होता, तो मी तसाच राहू दिला. एवढी हरलेली टीम पुढच्या वर्षीही बघणार का, असं तुम्ही विचाराल. बघणार. हंगाम सप्टेंबरात सुरू होतो, आणि काकांची खुर्ची लछूदादांनी अजून टीव्हीसमोरून हलवलेली नाही.