खाकरून येणारा माणूस

पासवर्ड टाकायची वेळ आली की मनोहर काकाजी खुर्चीवरून उठायचे आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. नुसती मान वळवून भागायचं नाही. पुरते पाठमोरे, हात मागे बांधलेले, नजर कॅलेंडरवर. "टाक पोरी. झालं की सांग." आमच्या पांढुर्ण्याच्या ऑफिसात हा विनोदाचा विषय होता, कारण तिथे पासवर्ड ही ओरडून सांगायची गोष्ट होती. हिशेब बघणाऱ्या लताताई सुटीवर असल्या की फोनच्या स्पीकरवरून सांगायच्या, "नातवाचं नाव टाका अन् पुढं एक-दोन-तीन. नाही उघडलं तं नातीचं टाका."

काकाजी कपाळाला हात लावायचे. "ताई, आता बदलावं लागते. साऱ्या पांढुर्ण्यानं ऐकलं."

"बदलवतो ना भाऊ. तिसरं नातवंड होऊ द्या!"

काकाजी कोण, ते आधी सांगते. आमची संस्था परदेशी. तिचं भारतातलं मुख्य ऑफिस दिल्लीला, त्याला सगळे कंट्री ऑफिस म्हणायचे. काकाजी त्या कंट्री ऑफिसचे आयटी सपोर्ट. कुणाचा लॅपटॉप उठत नाही, कुणाचा मेल जात नाही, कुणाचा प्रिंटर रुसला, सगळ्यांचं माहेर म्हणजे काकाजी. आधी त्यांची जवळच्या सौंसर गावात टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मग दिल्लीत बरीच वर्षं हीच नोकरी. लॉकडाउनमध्ये आजारी आईसाठी सौंसरला परतले ते तिथेच राहिले. आई गेली, पण घराच्या समोरच्या खोलीत कामासाठी मांडलेलं टेबल तसंच राहिलं. त्या टेबलावरून ते दिल्लीच्या मोठ्या साहेबांपासून आमच्यापर्यंत सगळ्यांची यंत्रं सांभाळायचे. पांढुर्णा जिल्हा झाला, संस्थेने इथे ऑफिस उघडलं, आणि एखादं यंत्र फारच हट्टाला पेटलं की काकाजी बसने येऊ लागले. पायात चप्पल, खांद्याला पिशवी, पिशवीत स्क्रू काढायचा पेचकस आणि घरचा डबा. पहिला उपाय ठरलेला. "बंद कर. एक डुलकी घेऊ दे त्याले. मंग उठव. माणसाचंही असंच असते व, पण माणसाले कोणी डुलकी घेऊ देत नाही."

मी त्या ऑफिसात चळवळीतून आले होते. पत्रकं लिहायची, वाटायची, कलेक्टरच्या दारात बसायचं, हे माझं शिक्षण. संस्थेत माझं काम होतं गावोगाव पोषणाचा सर्व्हे करणाऱ्या मुलींना सांभाळण्याचं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेलं होतं: सन्मान, विश्वास, पारदर्शकता. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला एक कळतं. जे भिंतीवर लावावं लागतं, ते बहुतेक टेबलाखाली पडलेलं असतं.

दुरून लॅपटॉप दुरुस्त करायची काकाजींची पद्धत अशी. ते सौंसरला बसून आमच्या स्क्रीनवर यायचे आणि आमचा माउसचा बाण त्यांच्या हाताने फिरायचा. येण्याआधी स्क्रीनवर परवानगीचा चौकोन यायचाच. काकाजींना तेवढं पुरायचं नाही. ते आधी फोन करायचे. फोन उचलला की पलीकडून पहिल्यांदा "हॅलो" नाही, खाकरणं ऐकू यायचं. चांगलं घसा साफ करून, दोनदा. मग, "येऊन राहिलो बरं का. काही झाकायचं असन तं झाकून घे."

मी एकदा विचारलं, "काकाजी, दमा आहे का तुम्हाला?"

ते हसले. "आमचं मूळ घर मोहगावचं. आंगणात न्हाणी. न्हाणीले दार कायचं, गोणपाट लटकवलेलं. घरात लेकी, सुना. बाबाजी वावरातून आले की गल्लीच्या तोंडापासून खाकरत यायचे. आम्हा पोरांनाही तेच शिकवलं. आधी खाकरायचं, मंग थांबायचं, मंग पाय टाकायचा. एकदा मी तसाच धावत शिरलो तं बाबाजीनं कान असा पिळला, असा पिळला! म्हणे, मुक्यानं शिरते तो चोर. घराचा मालक असला तरी चोर."

"आणि हे कंप्युटरला कुठून लागू झालं?"

"अव, कंप्युटर म्हणजे काय? बायकापोरींचं आंगणच आहे ते. फोटो आहेत, दवाखान्याचे कागद आहेत, नवऱ्याशी झालेलं भांडण आहे. मले सारं दिसते. मले सारं दिसते म्हणून तं खाकरावं लागते."

हे ऐकायला गोड वाटलं. पण मला खरं सांगायचं तर काकाजी मिळमिळीत वाटायचे. दिल्लीचे एक साहेब होते, सगळ्या कार्यक्रमांचे प्रमुख. संत्र्याच्या हंगामात त्यांचा दौरा हमखास पांढुर्ण्याला. गाडीच्या डिकीत पेट्या भरल्या जायच्या आणि साहेब व्हरांड्यात उभे राहून स्त्री-सक्षमीकरणावर बोलायचे. ते काकाजींना नावानेही हाक मारायचे नाहीत, "आयटी" म्हणायचे. "आयटी को बुलाओ." आणि काकाजी "जी सर" म्हणून जायचे. मी चिडून म्हणायचे, "काकाजी, तुम्हाला नाव आहे की नाही?" ते म्हणायचे, "आहे ना. तुले माहीत आहे, काकूले माहीत आहे. बाकी साऱ्या दुनियेले सांगून काय करू?"

मग ते घडलं, ज्याच्यासाठी मी हे लिहिते आहे.

लोधीखेड्याकडच्या एका गावातली आमची सर्व्हेची मुलगी एके दिवशी कामावर आली नाही. मी घरी गेले. आई म्हणाली ताप आहे. मुलगी मागच्या ओसरीत बसली होती, ताप नव्हता. साहेबांच्या गाडीतून तिला एका गावाला नेलं गेलं होतं, "डेटा तपासायला". गाडीत काय झालं ते तिने मला सांगितलं. मी इथे सांगणार नाही. तिचं नावही लिहिणार नाही. एवढंच सांगते की तिने एक अट घातली: तक्रार कर, पण माझं नाव त्या माणसाच्या कानावर जाऊ देऊ नको. घरी कळलं तर शिक्षण त्याच दिवशी संपेल, आणि वर्षाच्या आत लग्न.

तिचं निवेदन मी तिच्यासमोर बसून माझ्या लॅपटॉपवर उतरवलं. तक्रार दिल्लीला पाठवली ती नाव न घालता, माझ्या सहीने. नाव फक्त चौकशी समितीपुढेच सांगेन, असं लिहिलं. कंट्री ऑफिसकडून उत्तर आलं: आम्ही हे अत्यंत गांभीर्याने घेतो. ज्या दिवशी हे उत्तर आलं त्याच दिवशी साहेबांचा एका आंतरराष्ट्रीय परिषदेतला हसरा फोटो संस्थेच्या पानावर झळकला.

मी सौंसरला गेले. फाटक ढकललं, सरळ समोरच्या खोलीत. काकू भाजी निवडत होत्या, त्यांना नमस्कारसुद्धा केला नाही. काकाजींना सगळं सांगितलं, नाव सोडून. आणि मी म्हणाले, "तुमच्याकडे सगळ्यांची चाबी आहे. साहेबांचा मेल उघडा. हा माणूस याआधीही कुणाशी तरी असंच वागला असेल. काहीतरी सापडेलच."

काकाजींनी माझ्यासमोर खुर्ची सरकवली. मग म्हणाले, "उघडतो. पण आधी त्याले फोन करून खाकरतो. चालन का?"

"ही काय मस्करी आहे?"

"मस्करी नाही करून राहिलो, पोरी. मले दुसऱ्या रीतीनं उघडताच येत नाही."

"तो चोर आहे काकाजी!"

"असन. हाव, असनच. पण त्याच्या घरात मुक्यानं शिरलो तं मंग चोर दोन होतात."

मी त्यांना नको ते बोलले. भित्रे म्हटलं. साहेबाचे हुजरे म्हटलं. म्हटलं, तुमच्या बाबाजींच्या न्हाणीची नीती या मुलीच्या काय कामाची? काकू म्हणाल्या, "चहा तं घेऊन जा व." मी चहा न घेता निघाले. आणि आज, एवढं सगळं होऊन गेल्यावरही, माझं मत बदललेलं नाही. त्या दिवशी तो मेल उघडायला हवा होता. ज्याच्या हातात सत्ता असते त्याचं अंगण आणि ओसरीत तोंड लपवून बसलेल्या पोरीचं अंगण सारखं नसतं. हे मी काकाजींना बऱ्याच दिवसांनी सांगितलंही. ते फक्त म्हणाले, "तुह्यं बरोबर असन. माह्या हातानं होत नाही."

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. प्रिंटर बिघडला तरी मी त्यांना फोन केला नाही, दोन दिवस सर्व्हेच्या याद्या हाताने लिहिल्या.

मग एका दुपारी मी ऑफिसात भाकरी खात होते. लॅपटॉप समोर उघडा. फोन वाजला, काकाजींचा. उचलावा की नाही, असा विचार करत उचलला. पलीकडून खाकरणं. दोनदा. पण नेहमीसारखा आवाज नव्हता.

"येऊन राहिलो, पोरी."

"मी तर बोलावलं नाही."

"नाही बोलावलं. दिल्लीनं पाठवलं. तुह्या मशीनमध्ये जा म्हणते. तो परवानगीचा चौकोन नको दाखवू म्हणते. तुले सांगू नको म्हणते."

भाकरीचा घास माझ्या हातातच राहिला. "कशासाठी?"

"एक नाव पाहिजे त्याहिले." मग थोडं थांबून, "मी गल्लीच्या तोंडाशी उभा आहो. खाकरलो. आता तुले काय झाकायचं ते झाक. मले नको सांगू काय झाकलं."

मी नेटची वायर उपटली. लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला आणि सरळ कलेक्टर ऑफिसातल्या जिल्ह्याच्या तक्रार समितीच्या बाईंसमोर जाऊन बसले. निवेदन त्यांच्या हवाली केलं, बंद पाकिटात, त्यांची सही घेऊन. लॅपटॉपवरचं पुसलं. परत आले तेव्हा लताताई म्हणाल्या, "दिल्लीहून फोनवर फोन. लॅपटॉप चालू कर म्हणून राहिले."

"सांगा, डुलकी घेते आहे."

दिल्लीने काकाजींना विचारलं, तिला कुणी सांगितलं? खोटं बोलायची सोय होती. लाइट गेली, नेट गेलं, आमच्याकडे दोन्ही रोज जातात. काकाजी म्हणाले, "मी सांगितलं." कॅमेऱ्यासमोर, तीन अधिकाऱ्यांपुढे. का सांगितलं, तर म्हणे मी सांगितल्याशिवाय कुणाकडे जात नाही, हे इतकी वर्षं तुम्हालाही माहीत आहे. तुमच्याकडेही असाच येतो. त्यातल्या एका बाईंनी मान खाली घातली, असं काकाजींनी मला नंतर सांगितलं.

नोकरीवरून काढल्याच्या पत्रात कारण दिलं होतं: गोपनीयतेचा भंग. मी खूप पत्रकं लिहिली, खूप शिव्याही शिकले. या दोन शब्दांच्या तोडीची शिवी मला लिहिता आली नाही. जो माणूस तुमचा पासवर्ड बघायला नको म्हणून भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, त्याला म्हणे गोपनीयतेचा भंग!

आणि पुढची गंमत ऐका. काकाजींचं खातं बंद करायचं होतं, पण ते कसं बंद करायचं हे दिल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. ते काम नेहमी काकाजीच करायचे. म्हणून त्यांनाच व्हिडिओ कॉल केला. काकाजींनी शांतपणे एकेक पायरी सांगितली. शेवटी पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, आता तुमचा पासवर्ड टाकावा लागेल." काकाजी म्हणाले, "मंग तू तिकडं पाह्य, बेटा." आणि टाकला.

जिल्ह्याच्या समितीपुढे साहेब आलेच नाहीत. सुनावणीच्या आधी त्यांची दुसऱ्या देशात बदली झाली, पदही वरचं मिळालं. निरोपाला केक कापला गेला, त्याचाही फोटो आला. मुलीचं नाव मात्र त्या पाकिटातून आजवर बाहेर पडलेलं नाही. ती शिकते आहे. कुठे, ते नाही सांगणार.

आता संस्थेचं आयटी एका कंपनीकडे आहे. परवा मी अहवाल लिहीत होते आणि माझा बाण आपोआप हलायला लागला. फोन नाही, चौकोन नाही, काही नाही. कुणीतरी कुठूनतरी माझी एकेक फाइल उघडून बघत होतं. अंगावर पाल पडावी तसं झालं. मी लॅपटॉप धाडकन मिटला आणि सौंसरची बस पकडली.

काकाजींच्या फाटकाला कडी नसते. मी मोर्चातली बाई, आयुष्यात कुठलंही दार ढकलूनच आत गेलेली. त्या दिवशी हात फाटकावर ठेवला आणि थांबले. खाकरले. आतून काकूंचा आवाज आला, "थांबा जरा!" बादली सरकल्याचा आवाज झाला. मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. मग, "या आता."

काकाजी समोरच्या खोलीत बसले होते. टेबल होतं, त्यावर कंप्युटर नव्हता. इतक्या ठिकाणी अर्ज केले, सगळे आधीच्या ऑफिसला विचारतात आणि मग फोन करत नाहीत. आता शेजारच्या पोरांना टायपिंग शिकवतात, जुन्याच खडखडत्या मशीनवर. चेहरा ओढलेला. मी बाणाचं सांगितलं. ते ऐकून ते खुर्चीत अस्वस्थ हलले, जणू कुणी त्यांच्याच अंगणात शिरलं होतं. "कामं येत असन त्याहिले," एवढंच म्हणाले. "कामाची रीत नाही शिकवली कोणी."

चहा आला. या वेळी मी घेतला. मग त्यांनी विचारलं, "ते पोरगी बरी आहे का?"

"बरी आहे काकाजी. परीक्षा दिली तिने."

माझ्या मनात आलं, ज्या नावासाठी या माणसाची भाकर गेली, ते नाव याला माहीत असू नये? एवढा तरी हक्क याचा आहे. मी कप खाली ठेवला. "काकाजी, ती म्हणजे आपल्या..."

काकाजी उठले. हात मागे बांधले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.