मास्तरांची झोपती सायकल

"माह्या पायाकडे काहून पाहून राह्यले? तोंडाकडे पाहा ना."

रस्त्यात कुणी तोंड उघडं टाकून उभा राहिला की मास्तर एवढं बोलून पुढे निघून जात. बघणाऱ्याचा तरी काय दोष? तुम्ही-मी असतो तरी तेच केलं असतं. सन साठच्या आसपासची अमरावती, आणि पांढरा सदरा-लेंगा घातलेला चष्मेवाला माणूस सायकलवर चक्क उताणा पडून येतोय. आधी त्याचे तळपाय दिसतात, मग गुडघे, चेहरा सगळ्यांत शेवटी.

आम्ही एकाच शाळेत होतो. ते गणित शिकवत, मी मराठी. बस उलटली त्यात त्यांची पाठ कायमची गेली. अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलं की उभे राहा नाहीतर आडवे व्हा, पण बसायचं नाव काढू नका. तेव्हापासून मास्तर शिक्षकांच्या खोलीत कपाटाला टेकून उभे असत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी तीनदा "बसा" म्हटलं. चौथ्यांदा मास्तर अदबीनं म्हणाले, "बसता येत नाही साहेब, झोपू का?" हेडमास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

सायकल त्यांना सोडवेना. बडनेऱ्याला रेल्वेत त्यांचा मावसभाऊ फिटर होता. दोघांनी मिळून दोन जुन्या सायकली कापून एक लांबलचक सांगाडा जोडला. बसायच्या जागी खाटेची निवार ताणून बांधली. पुढचं चाक पार पुढे, त्याच्या अलीकडे पायंडल, हँडल कमरेच्या दोन्ही बाजूंना, आणि दोन चेन जोडून केलेली एक भलीमोठी चेन. चालताना ती छान चाले. अडचण उतरायची होती. निवारीतून त्यांना स्वतःचं स्वतः उठता येत नसे. कुणीतरी पाठीखाली हात घालून उचलावं लागे, आणि शाळेत ते काम माझ्याकडे आलं. रोज उचलताना ते म्हणत, "हळू, भाऊ. पाठ सरकारी नाही, घरची हाये."

त्यांचं गाव अंजनगाव सुर्जीच्या पुढे, काळ्या मातीतल्या गाडवाटेवर. छप्पन्न साली त्यांच्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारला. वस्तीतल्या लोकांनी पुढे मातीच्या भिंतींचा एक विहार उभा केला. मूर्ती आणायचं मास्तरांनी कबूल केलं होतं. ती बसच्या टपावर टाकायला ते तयार नव्हते. सायकलवरच नेणार, आणि तीही चावडीसमोरून.

चावडीसमोरून म्हणजे काय, हे मला त्यांनीच सांगितलं. त्यांचा बाप तिथं चपला हातात घेऊन चाले. मॅट्रिकला असताना मास्तर स्वतः तिथं सायकलवरून उतरून, मान खाली घालून, ती ढकलत नेत. आता ते उतरणार नव्हते. मी म्हटलं, नाल्याच्या अंगानं वाट आहे ना? ते म्हणाले, आहे की, पण ती माझ्या बापानं पुष्कळ वापरली.

मग ओझं लादायची तयारी सुरू झाली, आणि मास्तर आपल्याच जाळ्यात सापडले. प्लॅस्टरची मूर्ती सरकीच्या कापसात लपेटून खोक्यात घालायची होती. त्या वजनाची माती भरून आम्ही ते खोकं डोक्यामागच्या चौकटीवर बांधलं आणि शाळेच्या पटांगणात फेरी मारली. जरा चढ लागला की पुढचं चाक हलकं होऊन भरकटे. दुसऱ्या फेरीत मास्तर खोक्यासकट कलंडले. मी म्हटलं, खोकं पुढच्या चाकावर बांधा, झालं. ते माझ्याकडे बघतच राहिले. पुढे बांधलं की बुद्धाकडे पाय होणार.

"तुम्हीच म्हणता ना, पायाकडे पाहू नका म्हणून," मी चिडवलं. ते मनापासून हसले, पण ऐकलं नाही.

मूर्ती मागेच राहणार, तर पुढे काहीतरी वजन हवं. मी ज्वारीची पिशवी सुचवली. अन्नाला पाय लावायचे? पुस्तकं? ती तर नाहीच नाही. मला राग आला. जगाला पाय दाखवत हिंडणारा माणूस आणि नेमका ओझं बांधताना सोवळा! शेवटी मास्तरांनीच मार्ग काढला. विटा. विटांवर माणूस पाय देऊनच उभा राहतो. विहाराच्या पायरीला लागतीलच. पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांना पोत्याच्या पिशव्यांतून विटा लटकवल्या आणि सायकल शहाण्यासारखी सरळ चालू लागली.

कापूस वेचणीचे दिवस होते. पहाटे निघालो, मी माझ्या साध्या सायकलवर मागे. वलगावच्या पुढे कापसाच्या बंड्या लागल्या. पाय पुढे करून येणारा हा प्राणी पाहून एक बैलजोडी बिथरली आणि बंडीवाल्यानं आम्हाला चांगल्या चार शिव्या घातल्या. मास्तरांनी त्यालाही तोंडाकडे पाहायला सांगितलं. अंजनगाव मागे पडलं तसं मात्र ते दर थोड्या वेळानं मला खोक्याच्या गाठी तपासायला लावू लागले.

ऊन कलताना गाव आलं. चावडीच्या ओट्यावर पाच-सहा जण होते. त्यांतले एक म्हातारे पाटील काठी टेकत उतरले आणि वाटेच्या मधोमध उभे राहिले. मास्तरांनी ब्रेक दाबला, दोन्ही पाय जमिनीला लावले. मी माझी सायकल तिथंच टाकली आणि मागून खोकं धरलं. मास्तरांचे पाय थेट म्हाताऱ्याच्या रोखानं होते.

"उतर," म्हातारा म्हणाला.

मी शेतकऱ्याच्या घरचा, अशा ओट्यांवर माझेही काका-आजे बसत. त्या एका शब्दाचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको होता. ओट्यावरची पोरं उठून जवळ आली. एकानं लाथ घातली असती तरी खोकं गेलं असतं.

"उतरतो ना, आबाजी," मास्तर पडल्यापडल्याच म्हणाले. आवाज शांत होता. "पण मले आपल्या मनानं उठता येत नाही. पाठीखाली हात घालून उचला लागते. घाला हात."

म्हातारा जागचा हलला नाही. सवयीनं मीच पुढे झालो. मास्तरांपेक्षा मीच जास्त भ्यालो होतो.

"भाऊ, तुमी थांबा. ज्याले मले उतरवाचं हाये, त्यानं हात लावावा."

म्हाताऱ्यानं पोरांकडे पाहिलं. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. हात लावल्याशिवाय हा माणूस उतरणार नव्हता, आणि हात लावायला त्या ओट्यावरचं कुणी तयार नव्हतं. मग म्हाताऱ्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली, खाकरला आणि बाजूला झाला.

भरलेली सायकल उभ्या जागेवरून हलवणं सगळ्यांत कठीण. तिथं ती आडवी झाली असती तर सगळंच संपलं असतं. मी मागून जोर लावला, मास्तरांनी पायंडल दाबलं, पुढचं चाक एकदा डावीकडे वळलं आणि विटांच्या भारानं परत सरळ झालं. चावडी मागे गेली. मास्तरांनी वळून पाहिलं नाही, मी पाहिलं. म्हातारा अजून उभाच होता.

वस्तीच्या तोंडाशी बाया दिवे घेऊन थांबल्या होत्या, त्यांत मास्तरांची आईही होती. मी पाठीखाली हात घातला तर त्या थंडीत सदरा घामानं भिजलेला.

"भाऊ, पाय थरथरून राह्यले," ते हळूच म्हणाले.

"पायाकडे नका पाहू," मी म्हटलं. ते हसायला लागले, आणि हसता हसता रडले. मीही रडलो, लपवायचं काय त्यात.

त्यानंतर काही वर्षांनी तापाचं निमित्त होऊन मास्तर गेले. अंजनगावपर्यंत ट्रक होता, तिथून बंडी. चावडीसमोरून आम्ही गेलो तेव्हा तो म्हातारा ओट्यावरच होता. कुणाचंही मढं जाताना उठतात तसा उठून उभा राहिला. जवळ आला नाही.

विहारापाशी बंडी थांबली. पायरीच्या विटा मी ओळखल्या. मास्तरांना उतरवायला चौघे पुढे आले, पण माझा हात आधीच पाठीखाली गेला होता. मी क्षणभर थांबलो. ते काही बोलले नाहीत. तरी मी हळूच उचललं.