डाव्या चाकाचा आवाज

दुपारचं जेवण झालं की सावंतवाडीतली बरीचशी दुकानं शटर खाली ओढतात. माझं चष्म्याचं दुकानही. मी घरी येतो आणि पलंगावर आडवा होतो. झोप येतेच असं नाही. पंखा फिरत असतो, शेजारच्या धोंडांची मांजर कौलांवरून चालत जाते, आणि मग केव्हातरी पंख्याचा आवाज जाड होत जातो.

आज तो जाड होता होता वेगळाच होतो. हूंऽऽ, एकसुरी. हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. गाडीचा आहे. माझी बायको शैला गेल्यापासून तिची गाडी मी चालवतो, आणि हल्ली वेग धरला की तो येतो. आला की मी रेडिओ मोठा करतो.

"आधी तो रेडिओ बंद करा," शैला म्हणते.

ती शेजारच्या सीटवर बसली आहे. मी गाडी चालवतो आहे. ती शिमग्याच्या आधी गेली, डोक्यात रक्तस्राव होऊन, हे मला आत्ताही ठाऊक आहे. पण त्यामुळे काही अडत नाही. मी रेडिओ बंद करतो.

तिच्या वडिलांचं कुडाळला गॅरेज होतं. ती तिथेच, ऑइलच्या वासात वाढली. आमच्या घरात गाडीचं सगळं तिच्याकडे असायचं, आणि लाइटबिल, बाजार, आमच्या लेकीचं, इराचं गणित हे माझ्याकडे. गाडीचं बॉनेट मी आजवर उघडलेलं नाही.

"आवाज खंयसून येता?" ती विचारते. गाडीचा विषय निघाला की ती मालवणीत शिरायची. अजूनही शिरते.

"टायरचा असेल."

"टायरचा असता तर रस्त्याबरोबर बदलला असता. ऐका."

रस्ता बदलतो. आत्तापर्यंत डांबर होतं, आता खडी आहे, मग तळ्याच्या कडेचा गुळगुळीत रस्ता. तळ्यात पाणी आहे की नाही ते दिसत नाही. आवाज मात्र तोच, जसाच्या तसा.

"आता स्टिअरिंग थोडं उजवीकडे घ्या."

मी घेतो. आवाज खोल जातो, घशातून आल्यासारखा.

"आता डावीकडे."

आवाज जवळजवळ नाहीसा होतो.

"उजवीकडे वळलं की गाडीचं ओझं डाव्या चाकांवर येतं," ती म्हणते. "ओझं आलं की ते कण्हतं. म्हणजे कुठलं?"

"डावं."

"पुढचं डावं. आवाज पायाशी आहे माझ्या. बेअरिंग गेलंय."

गेलंय, असं ती म्हणते आणि आम्ही हॉस्पिटलच्या बोळातून चाललेलो असतो. गाडी नाही. आमच्या पुढे एक स्ट्रेचर आहे. त्याचं एक चाक आवाज करतंय, तोच, हूंऽऽ. स्ट्रेचरवर कोणीतरी आहे. चादर हनुवटीपर्यंत ओढलेली आहे. शैला वाकून चाकाकडे बघते.

"कोण आहे वर?" मी विचारतो.

"तिकडे नका बघू. इथे बघा."

मी चाकाकडे बघतो. ते मोठं होत जातं, काळं होतं, गाडीचं होतं. आता ती निळी गाडी माझ्या दुकानात आहे, पुढचं डावं चाक जॅकवर उचललेलं, आणि समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता. तक्त्यावरची खालची ओळ मला वाचता येत नाही.

"चाकाला वर एक हात, खाली एक हात," शैला सांगते. "आणि हलवून बघा. आत-बाहेर. खेळ लागतोय? ढिलं वाटतंय?"

मी हलवतो. "कळत नाही."

खरंच कळत नाही. हल्ली हातांचं असंच आहे. अंगावर पाणी घेतलं की ते गरम आहे की गार, ते जरा उशिराच समजतं. शैला गेली तेव्हा माणसं भेटायला आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून रडली. मी त्यांच्यासाठी चहा ठेवला. कोणाला साखर कमी लागते ते आठवणीने विचारलं.

"मग स्प्रिंगवर हात ठेवा," ती म्हणते. "चाकाच्या मागे, हां, ती जाड गुंडाळी. एक हात तिच्यावर, दुसऱ्याने चाक फिरवा."

मी चाक फिरवतो. स्प्रिंग नुसतं लोखंड आहे. शैला माझ्या हातावर हात ठेवते. त्याला वजन नाही, ऊबही नाही. पण आता माझ्या तळहाताखाली काहीतरी सरकतं. कणीदार. जात्यात खडा आल्यासारखं.

"आलं?"

"आलं."

"तेच ते. आतल्या गोळ्या झिजल्या."

ती उठते, हात पदराला पुसते. मला वाटतं, आता ती जाईल. म्हणून मी विचारतो, "शैला, तुला फार दुखलं का?"

"उद्या इराला आणायला जाणार ना?"

"हो. सुट्टी लागली तिला. हॉस्टेल रिकामं करायचंय."

"कोल्हापूर म्हणजे आंबोली घाट."

"घाटच."

"येताना ती कुठे बसेल?"

"पुढे. तुझ्या जागी."

 ती चाकाकडे बघते. मग मीही बघतो. चाकाच्या मागेच ती सीट आहे.

"जाम झालं ना, तर वळणावर गाडी तुमचं ऐकणार नाही," ती म्हणते. "उद्या जाऊ नका."

"तिला काय सांगू?"

"खरं ते सांगा."

दुकानात ऊन शिरतं. तक्त्यावरची अक्षरं एकेक करून फिकी होतात.

"मी विचारलं तुला. दुखलं का?"

"नाही हो," ती म्हणते. "आवाज आला नुसता. मग तो थांबला."

"मला काहीच होत नाहीये, शैला. रडूसुद्धा येत नाही. हे जाईल का?"

ती माझ्याकडे बघते, अडलेल्या इंजिनाकडे बघायची तशी, मान थोडी कलती करून. बराच वेळ.

"ते मला सांगता येत नाही," ती म्हणते. "गाडीचं कळतं."

पंखा थांबलेला आहे. लाइट गेली आहे. उशी घामाने ओली झाली आहे. मी पलंगावर बसून राहतो. मग उठून अंगणात जातो.

गाडी सकाळी लावली तिथेच आहे. फाटकाला आतून कडी आहे, मीच घातलेली. मी डिकी उघडतो, जॅक काढतो आणि वाकतो, तेव्हा मला ते दिसतात. मागच्या दोन्ही चाकांच्या पाठी चिऱ्याचे दोन तुकडे, लाल, घट्ट बसवलेले. पुढचं चाक उचलताना गाडी मागे सरकू नये म्हणून असे दगड लावतात. मी लावलेले नाहीत. मला ते सुचलंही नसतं.

मी काही वेळ तसाच वाकून उभा राहतो. मग जॅक लावतो. चाक जमिनीवरून सुटतं. वर एक हात, खाली एक हात. हलवतो.

खट.

पुन्हा हलवतो. खट.

इराला फोन करतो. ती लगेच उचलते.

"बाबा? काय झालं?" आई गेल्यापासून ती माझा फोन अशीच उचलते.

"काही नाही. उद्या नको, परवा येतो. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय."

 "तुम्हाला कसं कळलं?" ती म्हणते.

"आवाज येत होता."

"हो, पण तुम्हाला..." ती थांबते. नाक ओढल्याचा आवाज येतो. "बरं. परवा या. सावकाश या."

ऊन उतरल्यावर मेकॅनिक बाबलो येतो. माझ्याच वयाचा आहे, शैलाला पोचवायला स्मशानात आला होता. चाक फिरवून, हलवून बघतो आणि मान डोलावतो. "गाडी घाटात व्हरूक नाय, बरा केलात." मग तो चाक काढतो, बेअरिंग बदलतो. मी टॉर्च धरून बसतो. काम झाल्यावर तो गाडी खाली घेतो आणि मागचे चिरे काढायला जातो. ते निघत नाहीत. तो टाचेने मारतो, बाजूने मारतो.

"कोणी ठोकल्यान हे?" तो धापा टाकत विचारतो.

"घरातल्यांनी," मी म्हणतो.

बाबलो माझ्याकडे बघतो.  चिरे निघतात तेव्हा तो ते भिरकावून देत नाही. एकेक करून दोन्ही हातांनी उचलतो आणि भिंतीशी, एकावर एक, नीट ठेवतो.