रबरी पुतळ्याची बायको

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात एक रबरी पुतळा होता. त्याचं हृदय रोज बंद पडायचं आणि आम्ही विद्यार्थी छाती दाबून ते चालू करायचो. दाब बरोबर बसला की आतून टक् असा आवाज येई. शेवटचा धडा मात्र पुतळा वाचत नाही तेव्हाचा. बाहेर जाऊन नातेवाइकांना सांगायचं. नातेवाईक म्हणजे आमचे सर. भल्या मोठ्या मिशांचे सर डोक्यावर रुमाल घेऊन पुतळ्याची बायको व्हायचे. आम्ही हसू दाबत शेजारी बसायचो आणि हळू आवाजात म्हणायचो, "आम्ही खूप प्रयत्न केले, पण ते गेले." सर लगेच हुंदका देत. मला तर शाबासकी मिळाली होती.

इंटर्नशिपमध्ये पारोळ्याकडच्या एका आजोबांना आणलं. हृदय वाटेतच थांबलेलं. छाती दाबायला मी होते. टक् झालं नाही. बरगडी मोडल्याचं तळहाताला कळलं. थांबायचं नसतं म्हणून दाबत राहिले. ते काही परतले नाहीत. सीनियर पुढच्या पेशंटकडे वळले आणि म्हणाले, बाहेर तू सांग.

बाहेर बाकावर त्यांची बायको एकटीच बसली होती, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. मी शिकवल्याप्रमाणे शेजारी बसले आणि ते वाक्य बोलले.

"कोठे ग्यात?" तिनं विचारलं. "नाशिकले का?"

तिचं तरी काय चुकलं? पेशंट गंभीर झाला की आमच्याकडून पुढे नाशिकलाच पाठवतात. ती उठलीसुद्धा. "मी बी येस. त्यासना चष्मा मन्हाजोडे शे. त्यानाबिगर त्यासले काहीच दिसत नही."

मला सरांचा भयंकर राग आला. त्यांच्या त्या रुमालवाल्या बायकोनं 'कुठे' असं कधी विचारलंच नव्हतं. मी चाळीसगावची, घरी अहिराणीच बोलणारी. मोठ्या माणसाला 'मेला' म्हटलं तर आई थोबाडीत देईल. पण दुसरा शब्द सुचेना. तिचा हात धरून म्हणाले, "अक्का, आबा मरी ग्यात."

ती परत बाकावर बसली. रडली नाही. तिनं पिशवीतून चष्मा काढला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"तरी लाई दे."

मी आत जाऊन त्यांना चष्मा लावला. एक काडी कानावर बसेचना.